सतरा नंबरचा कॉल

स्टेशनच्या मागं, मालधक्क्याला लागून आमची इंजिन चाळ. संस्थानाच्या काळात रेल्वे आली, तेव्हा ड्रायव्हर-फायरमन लोकांसाठी काळ्या दगडाच्या चोवीस खोल्या बांधल्या. कोपऱ्यावर पंचविसावी, कॉलमनची. गाडीला माणूस लागला की कॉलमन काठीनं दार वाजवायचा, नाव पुकारायचा आणि कॉलबुकात सही घ्यायचा. सही झाली की दोन तासांत ड्युटीवर. माणूस आजारी असेल तर घरातल्या दुसऱ्यानं 'बदली' लिहून सही करायची आणि डबा घेऊन निघायचं. गाडी अडता कामा नये, एवढाच कायदा. चाळीला त्याचा अजून कोण अभिमान! पुढं वाफेची इंजिनं गेली, कॉलमन गेला, पंचवीस नंबरला कुलूप लागलं.

मी सोनम. लॅबमध्ये रक्त तपासते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही. माझे वडील, आकाराम, चाळीतले शेवटचे फायरमन. महिनाभर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खाटेवर पडून होते. किडन्या संपल्या होत्या. रिपोर्ट मीच काढले होते, त्यामुळं मला खोटा धीर द्यायचीही कुणाची सोय नव्हती. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. नवरा गेल्यापासून मला होतं कोण? आबा आणि सात वर्षांची लेक, मोना. मला आबा हवे होते. कसंही करून हवे होते.

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी दारावर काठी वाजली. तीनदा. दार उघडलं, तर ओट्यावर मोना एकटीच शुद्धलेखन लिहीत बसलेली. पेन्सिल इतकी दाबते की पानाच्या मागं अक्षरं उमटतात.

"कोण आलं होतं गं?"

"कुणीच नाही."

आत आबा उठून बसायला धडपडत होते. "सोने, डबा भर की. दोन भाकरी. कॉल आलाय."

शेजारच्या बनाबाई भिंतीला धरून ओट्यावर आल्या. "पयलाच न्हवं? तीन दिस येतोय त्यो. तिसऱ्या दिशी माणूस जातंय."

"काहीतरीच काय, बनाबाई!"

"आमच्या मालकांच्या येळंला माझ्या पोरानं, पृथ्वीराजनं सही केलती. बदली म्हणून. मालक फुडं नऊ वर्सं जगलं."

"आणि पृथ्वीराज?"

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि घरात गेल्या. मोनाची पेन्सिल थांबली होती.

बुधवारी त्याच वेळेला काठी वाजली. मी तडक जाऊन पंचवीस नंबरचं कुलूप दगडानं फोडलं. आत सगळीकडं धूळ होती, टेबलावरच्या कॉलबुकावर मात्र नव्हती. शेवटच्या पानावर नऊ नंबरच्या उदयसिंहांचं नाव, या दिवाळीत ते गेले त्या दिवसाची तारीख, वेळ तीन-दहा. मागं चाळलं, तर पृथ्वीराजची सही. शेजारी 'बदली'. परत शेवटच्या पानावर आले. उदयसिंहांच्या खाली ओळ होती: 'खोली १७, आकाराम.' सहीची जागा कोरी.

मी हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

गुरुवारी सकाळी आबांची लघवी बंद झाली. याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. गडमुडशिंगीच्या बहिणीला फोन केला, मोनाला घेऊन जा म्हटलं. ती म्हणाली, साडेपाचला येते. का, ते मी सांगितलं नाही. काठी वाजली की सही करायला पेन पदराला खोचून आबांच्या उशाशी बसले.

तीन-दहा झाले. काठी वाजली नाही.

सव्वातीनला आबांनी डोळे उघडले. आपले आपणच उठून बसले. "च्या टाक की, सोने. आलं घालून."

त्यांच्या गळ्यात पडून मी ढसाढसा रडले. चहा पाजला, अंग पुसलं, केस विंचरले. लघवी झाली. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

पावणेपाचला मी ते कॉलबुक जाळून टाकायला गेले.

आबांच्या नावावर रेघ मारलेली. शेजारी 'बदली'. त्यापुढं सही.

पेन्सिलीची.

पान उलटलं. मागं अक्षरं उमटली होती.

मी धावत घरी आले. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती. मोना ओट्यावर बूट घालून उभी होती.

"आई, डबा भर की," ती म्हणाली. "दोन भाकरी."

एरवी तिला अर्धीसुद्धा संपत नाही.