पंगतीआधी विझलेली शेगडी

ऐन पंगतीच्या सकाळी गोबरगॅसची शेगडी विझली.

१९९८ साल. नेसरीजवळची ती संस्था मातीच्या विटांची, सौर दिव्यांची. संडास जोडलेल्या गॅसवरचं जेवण चाळीस घरांनी जेवायचं आणि मग परसात तसाच प्लँट बांधायचा, असं ठरलं होतं. शेवटी पुरणपोळ्या चुलीवर झाल्या. एरवी पथ्याचा डबा घरून आणणारे संस्थापक गणपतरावही चार पोळ्या जेवले. गावकरी "बघू की" म्हणून गेले, आणि प्लँट सांभाळणाऱ्या आकारामची नोकरी गेली.

प्लँट बांधला होता इंजिनीअर दानेश्वरीनं. तिनं टाकीच्या तोंडाशी वाकून वास घेतला. फिनेल! त्यानं गॅस करणारे जंतू मरतात.

आकाराम जाता जाता गणपतरावांच्या ऑफिसच्या खिडकीखालची भिंत लिंपत होता. तिथं सारखी ओल यायची.

"आकाराम, संडास कशानं धुता?"

"राखंनं. फिनेल नगं म्हून तुमीच बजावलंय की."

"मग फिनेल कुठं असतं?"

"हापिसातल्या कपाटात. किल्ली सैपाकघरात खुंटीला. कुणीबी घ्यावी."

स्वयंपाकघरात बाळाबाई फुंकणीनं चूल फुंकत होती. या गॅसला पहिल्यापासून नाक मुरडणारी हीच.

"बाळाबाई, तुम्ही ओतलंत?"

"मी कशाला वतू? तोंडानं कुरकुरते, पर धुरानं डोळं माजंच जात्यात."

खरंच होतं ते. दानेश्वरी आकारामला घेऊन गणपतरावांसमोर उभी राहिली.

"साहेब, तुमचं पथ्य कशाचं?"

"पोटाचं."

"मग चुलीवरच्या चार पोळ्या कशा पचल्या? पथ्य पोटाचं नव्हतं, शेगडीचं होतं. पंगतीत पहिला घास गावादेखत तुम्हाला घ्यायचा होता. म्हणून चार दिवस आधी फिनेल ओतलंत. चाळीस घरं चुलीकडं परतली आणि बळी दिलात या माणसाचा."

गणपतरावांनी मान खाली घातली.

"व्याख्यान देणं वेगळं, दानेश्वरी. घास गिळणं वेगळं."

तिला त्यांची शिसारी आली. गावोगाव हाच माणूस लोकांना अडाणी म्हणत फिरला होता.

आकाराम टेबलावरच्या रिकाम्या कपाकडं बघत होता.

"सायेब, दोन वर्सं त्याच शेगडीवरचा च्या मी रोज आणून दिला. कप तर रिकामा असायचा."

गणपतरावांची नजर खिडकीकडं गेली, आणि आकारामला सगळं उमगलं.

"उद्यापासून ये," गणपतराव पुटपुटले.

आकारामनं हाताची माती झटकली.

"कशाला? आता वल न्हाई यायची."