आठ चाळीसची नोंद

सोमवारी सकाळी आठ वाजता वॉचमन काशप्पाला खाणीत प्रेत दिसलं.

गुलबर्ग्याबाहेर फरशीची ती खाण कधीच बंद पडली होती. पावसाळ्यात ती भरायची. कडेच्या कापलेल्या पायरीवर, हातभर पाण्यात, सिद्धराम पालथा अडकला होता. अंगात कालचाच निळा शर्ट होता.

खाणीच्या अलीकडे पन्नास पावलांवर तो काम करायचा ते ऑफिस होतं. भाड्याच्या घरातल्या दोन खोल्या. दाराला कुलूप होतं. ए.एस.आय. चनमल्लप्पाने कोयंडा तोडायला लावला. आत पंखा फिरत होता. टेबलावर सिद्धरामचा कॉम्प्युटर चालू होता आणि पडद्यावर चार ओळी होत्या.

'मायग्रेशन फसलं. लोकांची कामं माझ्या हातून गेली. कुणाला तोंड दाखवू? मला माफ करा.'

खाली नाव सिद्धराम. रविवार, रात्री ८ वाजून ४० मिनिटं.

कॉम्प्युटरशेजारी एक किल्ली पडली होती. चनमल्लप्पाने ती निघालेल्या कुलपात घालून फिरवली. कुलूप उघडलं. किल्ली काढून त्याने कडी नुसती दाबून पाहिली. बसली नाही. किल्ली फिरवल्याशिवाय न लागणारं जुनं पितळी कुलूप होतं ते.

त्याने कुलूप बाजूला ठेवलं. किल्ली पाकिटात घातली.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला मार आहे, पण मरण बुडून आलं. वेळ? रविवार दुपार ते रात्र. पाण्यातलं प्रेत, याहून नेमकं सांगता येत नाही.

"नेमकं त्यानंच लिहून ठेवलंय की," सर्कल इन्स्पेक्टर साहेब म्हणाले. "आठ चाळीस. आत्महत्या. बुधवारपर्यंत फाईल बंद करा."

*

सिद्धरामची बहीण जगदेवी बिदरहून, मैलूरहून आली होती. भावाला शिकवण्यासाठी तिने बारा वर्षं दुसऱ्यांच्या शेतात मजुरी केली होती. ती स्टेशनच्या पायरीवर बसली आणि उठेना.

"अक्का, घरी जावा," चनमल्लप्पा म्हणाला.

"कोणत्या तोंडानं जाऊ? त्याच्यासंगं शिकल्याली पोरं फोन करायल्यात. तुझ्या भावानं आमची दोन-दोन वर्साची कामं बुडवली अन् मेला, म्हणायलेत. मेल्यालं सोसते मी. पण हे खरं हाय का, एवढं सांगा."

"तुमाला काय वाटतंय?"

"त्यो धुणं मोजून द्यायचा अन् मोजून घ्यायचा. त्याच्या हातून हरवत न्हाई काई."

चनमल्लप्पा उशिरा शिकलेला माणूस. पोलिसात लागल्यावर रात्रशाळेत अक्षरं गिरवली होती. अजूनही कागद वाचताना ओळीखाली बोट धरायचा. त्यामुळे बाकीचे ज्या कागदावरून नजर फिरवायचे, तो त्याला अख्खा वाचावा लागायचा.

"बुधवारपर्यंत वेळ हाय," तो म्हणाला.

*

ऑफिसचा मालक वीरेश तिशीचा होता. हुमनाबादहून सोमवारी दहाला पोचला, तेव्हापासून त्याचे डोळे लाल होते.

"तुमचं काम काय चालतं हितं, मला समजंल असं सांगा."

"कणगी नावाची वेबसाइट आहे, साहेब. प्रोग्राम लिहिणारे लोक आपलं काम तिथं ठेवतात. कुणी कधी काय बदललं, त्याची नोंद राहते. प्रत्येक बदलाखाली लिहिणारा दोन ओळी लिहितो. सिद्धरामची चिठ्ठी पण तशीच एक नोंद आहे. तीन हजार लोक आहेत. बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं."

"मायग्रेशन म्हंजे?"

"जुनी साठवण एकाच मोठ्या वहीसारखी होती. आता अडचण व्हायला लागली. तर नवीन वह्या आखून सगळं त्यांत उतरवायचं. रविवारी संध्याकाळी सातला."

"कोण उतरवणार?"

"हाताने नाही. सिद्धरामनं प्रोग्राम लिहिला होता. सातच्या ठोक्याला आपोआप सुरू व्हायचा. आणि फसला. बेचाळीस जणांची कामं गायब आहेत."

"तुमी रविवारी कुठं होता?"

"दुपारी एकच्या बसनं हुमनाबादला गेलो. मावसभावाचा साखरपुडा. साडेसहापासून रात्रीपर्यंत शंभर माणसांनी पाहिलंय. व्हिडिओत पण आहे."

"एकची बस साडेसहाला पोचवती व्हय?"

"हायवेवर एका मित्राकडं थांबलो. तो घरी नव्हता. ढाब्यावर बसलो."

"किल्ल्या किती हाईत?"

"दोन. एक सिद्धरामची. दुसरी माझी, पण शनिवारी इथं काम करणाऱ्या सुधारानीला दिली होती." जरा थांबून तो म्हणाला, "तिचं आणि सिद्धरामचं गेल्या महिन्यात भांडण झालं होतं. मी म्हणत नाही काही. तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं."

"ह्या नव्या वह्या आखल्या, त्यात शेवटाला काय बदल केले?"

"नेहमीचेच. सगळे बदल माझ्या सहीनंच होतात."

"वाचून सही करता?"

वीरेश हसला. "मालकानं प्रत्येक ओळ वाचली तर धंदा कधी करायचा?"

*

सुधारानी तेवीस वर्षांची. सिद्धरामचं काम तपासणं ही तिची नोकरी. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"किल्ली कुठंय?"

"शनिवारी संध्याकाळीच वीरेशसरांना परत दिली."

"कुणी बघितलं?"

"कुणी नाही."

"रविवारी आठ चाळीसला कुठं हुतीस?"

"खोलीवर. एकटीच."

"भांडण कामून झालतं?"

"मी त्याची चूक काढली, तो म्हणाला माझंच खरं. दुसऱ्या दिवशी माझंच खरं निघालं, तर त्यानं मिरची भजी आणून दिली. असलं भांडण, साहेब."

चनमल्लप्पाने एक कागद पुढे सरकवला. रविवारच्या नोंदी त्याने छापून घेतल्या होत्या. मध्ये बोट ठेवलं.

"ही वेळ कोण लिहितं? तुमची वेबसाइट?"

"नाही. ज्या कॉम्प्युटरवरून काम येतं, त्याच्या घड्याळाची वेळ. ते घड्याळ पुढं असलं तर नोंदही पुढची."

"अन् हे शेवटचं खानं? 'कुठून' असं लिहिलंय."

"ते सिद्धरामनं शनिवारी वाढवलं. नोंद कुठल्या कॉम्प्युटरवरून आली, त्याचा नंबर. जुन्या साठवणीत ते लिहिलंच जायचं नाही. मग उतरवताना जुन्या नोंदींच्या पुढं काय घालायचं? मीच म्हटलं, 'माहीत नाही' घाल."

"तू म्हणालीस?"

"हो. आम्ही दोघांनी मिळून केलं. शनिवारी साठवणीची एक कॉपी काढून तिच्यावर सराव पण केला. खऱ्याला हात लावायच्या आधी सराव, हा त्याचा नियम होता."

"सरावाला किती कामं उतरली?"

"नऊ हजार सहाशे बारा. एकही कमी नाही."

"अन् रविवारी प्रोग्राम सुरू झाला तवा त्यानं किती मोजली?"

तिने प्रोग्रामनं आपोआप लिहिलेला लॉग उघडला. आकडा दोनदा वाचला. बोटाची ओढणी सुटली होती.

"साहेब," ती म्हणाली, "ती शनिवारची कॉपी माझ्या मशीनवर आहे."

*

बुधवारी सकाळी अकराला चनमल्लप्पाने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. वीरेश खुर्चीवर, सुधारानी खिडकीपाशी, काशप्पा दाराला टेकून. जगदेवी खाली जमिनीवर बसली. दारात दोन शिपाई.

"काशप्पा, रविवारी सिद्धरामला शेवटचं कवा बघितलंस?"

"दोन वाजता, साब. दोघांनी संगं भाकर खाल्ली. मी घरी गेलो, त्यो इथंच ऱ्हायला. सात वाजूस्तोर बसतो म्हणला, काम नीट उतरतंय का बघायला."

"काही टेन्शनमध्ये हुता?"

"चटणीला मीठ कमी म्हणून माझ्या बायकोला नाव ठेवत हुता."

चनमल्लप्पाने पाकिटातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ही सिद्धरामची. आत सापडली. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि हे कुलूप किल्लीशिवाय लागत न्हाई. म्हंजे कुलूप दुसऱ्या किल्लीनं लावलं. मेलेला माणूस कुलूप लावत न्हाई. दुसरी किल्ली ह्या दोघांपैकी एकाकडं. दोघं एकमेकाकडं बोट दाखवायलेत."

"आठ चाळीसला मी हुमनाबादला होतो," वीरेश शांतपणे म्हणाला.

"व्हय. मी व्हिडिओ बघितला. म्हणून दोन दिवस मी पोरीवरच संशय धरला हुता." त्याने छापलेला कागद उचलला. "मग हे वाचलं. मला वाचायला वेळ लागतो."

त्याने बोट ओळीखाली धरलं.

"मायग्रेशन सातला सुरू झालं, सात दहाला संपलं. सात पन्नासला उदगीरच्या एका पोरानं काम ठेवलं. 'कुठून' खान्यात नंबर हाय. आठ वीसला भालकीचं एक. नंबर हाय. नऊ पाचला आणखी एक. नंबर हाय. मधी ही आठ चाळीसची. सिद्धरामची. नंबर न्हाई. 'माहीत नाही' लिहिलंय."

त्याने कागद टेबलावर ठेवला.

"नव्या वहीत सरळ लिहिलं तर नंबर पडतोच. 'माहीत नाही' फक्त जुन्या वहीतून उतरलेल्या नोंदीला पडतं. म्हंजे ही चिठ्ठी सातच्या आधीच जुन्या वहीत हुती. कुणीतरी ह्या कॉम्प्युटरचं घड्याळ पुढं सारलं, चिठ्ठी लिहिली अन् घड्याळ परत जाग्यावर आणलं."

"त्यानंच आधी लिहिली असंल," वीरेश म्हणाला.

"मायग्रेशन सुरूच झालं न्हाई, तर फसलं म्हणून कसं लिहील? अन् ते फसलंच न्हाई. सुधारानी, आकडा सांग."

"शनिवारी नऊ हजार सहाशे बारा," सुधारानी म्हणाली. "रविवारी सातला प्रोग्रामनं पहिल्यांदा मोजलं तेव्हाच नऊ हजार पाचशे सत्तर. जेवढी मोजली तेवढी सगळी उतरली. बेचाळीस कामं त्याच्या आधीच काढून टाकली होती."

जगदेवीने मान वर केली. "म्हंजे त्यानं हरवली न्हाईत?"

"न्हाई, अक्का. एक बी न्हाई."

चनमल्लप्पा वीरेशकडे वळला.

"त्या बेचाळीस कामांची शनिवारची कॉपी पोरीकडं निघाली. पोरांची नावं काढून तिथं तुमचं नाव घातलंय. खालच्या जुन्या नोंदी मात्र पोरांच्याच हाईत. बेंगळुरूच्या कंपनीला तुमी हीच कामं आपली म्हणून दाखवली. ते तुमाला मोठ्या जागेवर घेणार हुते. त्यांचा कागद बघितला मी. नव्या वहीत नियम असा, की मालकाचं नाव अन् पहिल्या नोंदीचं नाव एक पाहिजे. सरावात बेचाळीस नावं जुळली न्हाईत, त्याची यादी सिद्धरामच्या मशीनवर निघाली. सिद्धरामनं रविवारी तुमाला त्याचा जाब विचारला. त्यो मेल्यावर तुमी ती कामंच काढून टाकली, म्हंजे चोरी बी झाकंल अन् आत्महत्येला कारण बी मिळंल."

"हे सुधारानी पण करू शकते. तिला सगळं येतं."

"तिला सगळं येतं, म्हणूनच तिनं केलं न्हाई. 'माहीत नाही' घाल, हे तिनंच सुचवलेलं. खोटी चिठ्ठी जुन्या वहीत टाकली तर पकडली जाईल, हे तिला ठाऊक हुतं. ठाऊक नसलेला एकच माणूस. न वाचता सही करणारा. अन् आणखी एक. आठ चाळीसला तिला साक्षीदार न्हाई. खोटी वेळ लिहायचीच झाली, तर आपण एकटी असतानाची वेळ कोण लिहील? ज्याला शंभर माणसं बघणार हुती, त्यानं ती वेळ निवडली."

वीरेश उठला. दारातले शिपाई पुढे झाले. तो परत बसला.

"एक वाजताच्या बसनं तुमी गेला न्हाईत. काशप्पा घरी गेल्यावर हितं आलात, अन् चार-साडेचारला निघालं तरी साडेसहाला हुमनाबाद येतं."

वीरेशने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"मी त्याला म्हटलं, एक दिवस थांब," वीरेश म्हणाला. "एकच दिवस. सोमवारी कंपनीचा माणूस येऊन बघून जाणार होता, मग मी सगळ्यांची नावं परत घातली असती. तो म्हणाला, पोरांना आजच कळवतो. बोलत बोलत खाणीकडं गेलो. मी नुसतं ढकललं. रागात."

"घड्याळ पुढं सारलं ते बी रागातच?"



जगदेवी उठली. पदर सावरून वीरेशसमोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"पडल्यावर जिता हुता का माझा भाऊ?"

वीरेशने चनमल्लप्पाकडे पाहिलं.

"तुला विचारायले मी. तू तिथं हुतास. दुसरं कुणी न्हाई सांगायला."

"हाका मारत होता," तो म्हणाला.

"कुणाला?"

"मला. वीरेशअण्णा, हात दे म्हणून."

जगदेवी चनमल्लप्पाकडे वळून म्हणाली, "साहेब, हे बी लिहा."

चनमल्लप्पाने वही ओढली. एकेक अक्षर सावकाश उमटत गेलं. संपेपर्यंत ती शेजारी उभी होती. लिहून झाल्यावर तिने ते वाचून दाखवायला सांगितलं. त्याने दोनदा वाचून दाखवलं.

मग ती सुधारानीजवळ गेली. "मला फोन करणाऱ्या पोरास्नी आता तू फोन लाव," ती म्हणाली. "मी हितं बसते. एकेकाला सांग."

सुधारानीने पहिला नंबर लावला.