बसलेल्यांची बाग

बागेला माझा विरोध नव्हता, हे आधीच सांगतो. गावात नंतर लोक वेगळंच सांगत फिरले.

उन्हाळ्यात उस्मानाबादेत, म्हणजे आमच्या धाराशिवात, कचेरीपुढची लिंबं सोडली तर चार माणसांना सावलीत बसायला जागा नव्हती. जिल्ह्याचे नवे साहेब निजामाच्या हैदराबादेहून आले होते. त्यांना तिकडच्या बागांची सवय. त्यांनी ठरवलं की येडशीच्या रस्त्याला मोठी बाग करायची, आणि सरकारनं एकट्यानं नाही, गावातल्या साऱ्या जमातींनी मिळून करायची. मुसलमानांनी विहीर बांधावी. मराठ्यांनी तेर गावाहून नदीचा गाळ गाड्यांनी आणावा. मारवाड्यांनी दगडी बाकं द्यावीत. आम्ही लिंगायतांनी जागा द्यावी आणि मधोमध कारंजाचा हौद बांधावा. कमिटी झाली. लढाईचे दिवस होते, गावात दिव्याला रॉकेल मिळत नव्हतं, पण कमिटीच्या चहात साखर कमी पडली असं कधी ऐकलं नाही.

आम्ही कोणती जागा द्यायची? माती द्यायची जागा. तिला आम्ही रुद्रभूमी म्हणतो.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही पुरत नाहीत. खड्डा खोल घ्यायचा. तळाशी एका बाजूला कोनाडा कोरायचा. त्यात मेलेल्या माणसाला मांडी घालून बसवायचं. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं, जसं ते माणूस रोज पूजेला ठेवत आलं तसंच. मग विभूती, बेल, मीठ आणि माती. दुसरीकडं पैसेवाले वर दगड बसवतात. आमच्याकडं वर काही नसतं. एक पावसाळा गेला की जमीन सपाट होते.

माझं मिठाचं दुकान आहे. आमच्यातलं कोणी गेलं की मीठ माझ्याकडून जातं. माझ्या बायकोचं, शिवगंगेचं, मीठ मी माझ्या डोक्यावर नेलं. ती तापानं गेली. तिला कोनाड्यात मीच बसवली. तिचा हात वर ठरत नव्हता, सारखा गळून मांडीवर येत होता. मग मी कोपराखाली मिठाची उशी केली, तेव्हा ठरला. हे सगळं सांगावं लागतं, कारण पुढं मलाच खोटा ठरवलं.

कमिटीत आमच्या समाजाचे म्हणून महालिंगप्पा होते. आडतीचे मोठे व्यापारी. जागा देऊन टाकली त्यांनी, आणि आम्हाला कळवायला दुकानावर आले.

"शिवप्पा, हौदावर आपल्या समाजाचं नाव कोरणार हायत. संगमरवरात," ते म्हणाले.

"आन् हौदाखाली कोण बसलंय, ते बी कोरणार का?"

"मीठ इकून इकून तुजं तोंड खारं झालंय बग."

"साहेबाला सांगितलंत का तुमी, तितं आपली माणसं हायत म्हणून?"

"सांगतो की. मोजणी तर होऊ दे."

मोजणी झाली. मोजणीवाल्यानं गडी लावून जागोजाग लांब चर मारले. कमरेइतके खोल. आडवं पुरलेलं माणूस ज्या खोलीवर सापडेल तिथवरच त्यांनी शोधलं. आमची माणसं त्याच्याही खाली बसलेली. मी ओरडून सांगितलं, "आजून खाली जावा!" मोजणीवाल्यानं महालिंगप्पांकडं पाहिलं. ते छत्री धरून उभे होते. त्यांची स्वतःची आई तिथून पन्नास पावलांवर मातीत बसवलेली होती. ते म्हणाले, "पुरे की आता. ऊन किती झालंय."

जागा रिकामी आहे, असं ठरलं. परक्याची चूक मी समजू शकतो. त्याला आमची रीत ठाऊक नव्हती. ज्याला ठाऊक होती तो गप्प बसला, आणि कशासाठी, तर संगमरवरातल्या नावासाठी. 

काम सुरू झालं. दुपारी दुकान बंद करून मी तिथं जाऊन बसायचो. शिवगंगेची जागा एका बाभळीवरून मला नेमकी माहीत होती. बाभळ त्यांनी तोडली, पण खुंट राहिला होता.

एका दुपारी गाळ पसरणाऱ्या बाया भाकरी खायला बसल्या. त्यांच्यात कडूबाई होती. तोंडाची फटकळ, तिचं बोलणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. त्या दिवशी ती गप्प होती. ताठ बसली होती. भाकरी मांडीवर, उजवा हात गुडघ्यावर. डावा हात छातीपुढं धरलेला, तळवा वर, बोटं जराशी आत वळलेली. ती तळव्याकडं बघत होती. तळव्यावर काही नव्हतं.

"कडूबाई, हात का गं धरलास?"

"कोन्चा हात?"

"ह्यो."

तिनं हाताकडं असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मग झटकून खाली घेतला. "आगं बया! मुंग्या आल्या आसत्याल." आणि हसली. "अप्पा, बाईमानसाच्या हाताकडं कशापायी बगताय? दुसरं लगीन करायचं हाय व्हय?"

बाया हसल्या. मीही हसलो. कडूबाई मराठ्यांची. तिच्या गळ्यात लिंग नाही, घरात ती पूजा नाही. पण मी ती बसण्याची रीत ओळखली होती.

पुढं ते वाढत गेलं. आधी बाया, मग गडी. गवताचे गड्डे लावलेल्या भागात जो बसला तो बोलता बोलता थांबायचा. पाठ सरळ व्हायची. डावा हात वर यायचा. एकदा मी गेलो तेव्हा अख्खी रांग तशी बसली होती, आणि कावळे त्यांच्या मांडीवरची भाकरी ओढून नेत होते. कोणी हाकलत नव्हतं. थोड्या वेळानं मुकादमानं शिट्टी मारली तसे सगळे उठले आणि भाकरी कोणी चोरली म्हणून आपसात भांडायला लागले.

मी महालिंगप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "ऊन लागतंय त्यांना. तू बी बसू नगंस उनात."

मीही त्या गवतावर बसून पाहिलं. रोज बसलो. मला काही झालं नाही. माझा हात माझाच राहिला.

हौदाची आखणी पडली ती नेमकी बाभळीच्या खुंटावर. मग मी साहेबांकडं गेलो. माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली.

"बड़े मियाँ, वहाँ तो कुछ निकला ही नहीं. आपके महालिंगप्पा साहब ने खुद कहा है."

मी म्हणालो, माझ्यापुढं खणा. माझी बायको तिथं निघाली तर हौद सरकवा आणि बाकी जागेलाही हात लावू नका. नाही निघाली तर मी तोंड उघडणार नाही. ते कबूल झाले. तिथंच बसलेल्या महालिंगप्पांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. शिवगंगेला उघडं पाडायचं जिवावर आलं होतं, पण तिच्या एकटीमुळं बाकी सगळे शाबूत राहिले असते.

सकाळी खणायला सुरुवात झाली. साहेब आले, कमिटी आली, गाव जमलं. बिरू धनगर खड्ड्यात होता. जमीन दगडासारखी झाली होती, कुदळ उडत होती. "हितं कुनी हात लावलेला न्हाय, साहेब," तो खालून दोनदा म्हणाला. पुरुषभर खाली गेल्यावर एका बाजूची माती आत ढासळली. कोनाडा दिसला.

"मीठ हाय अप्पा," बिरू म्हणाला.

मी साहेबांकडं पाहिलं. "बघा."

बिरू आत वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"आरं, बोल की," मी म्हणालो.

"कोनी न्हाय."

मी खाली उतरलो. मीठ दगडासारखं धरलं होतं आणि त्यात ती बसल्याचा आकार होता. दोन्ही मांड्यांचा, पाठीचा. कोपराखालची उशी होती, तिच्यावर कोपराचा खळगा होता. हाड नाही, लुगड्याची चिंधी नाही, लिंग नाही. कोनाड्यातली हवा शिळी नव्हती. आत्ता कोणी उठून गेलेल्या खोलीत असते तशी होती.

वरून महालिंगप्पांचा आवाज आला. "मीठ पुरून ठेवलंय येड्यानं! दुकानातलं!"

गाव हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी खांदे उडवले आणि काम पुढं चालू करायला सांगितलं.

माझी बायको मेली, मी तिला माझ्या हातानं बसवली, आणि गावापुढं मला त्याच गोष्टीत खोटं पाडलं. ज्यानं पाडलं तो तिच्या मातीला आला होता. त्यानं तिच्यावर बेल वाहिला होता. मी खड्ड्यातून वर आलो तेव्हा हात द्यायला फक्त बिरू होता.

बाग उघडायच्या दिवशी मी आत गेलो नाही. कुंपणाची भिंत छातीइतकी होती, तिच्याबाहेर रस्त्यावर उभा राहिलो. दुपार कलली होती. हिरवळीवर सतरंज्या टाकल्या होत्या, पुढं खुर्च्या. सनईवाले, बर्फाचं सरबत, शाळेतली पोरं. कारंजं सुरू झालं तशा टाळ्या पडल्या. साहेब बोलायला उभे राहिले. हर कौमनं हात लावला, म्हणून ही बाग सगळ्यांची, असं सांगत होते.

"और इस ज़मीन पर अब—"

तिथं ते थांबले.

मला वाटलं, खोकला आला असेल.

साहेब सावकाश खाली बसले. खुर्चीवर नाही, सतरंजीवर. मांडी घातली. खुर्च्यांवरची माणसं एकेक करून खाली उतरली. विहीर बांधणारे, गाळ आणणारे, बाकं देणारे. सनई थांबली. पोरं थांबली.

सगळ्यांचे डावे हात वर आले.

शेकडो माणसं आणि शिंक नाही, खाकरणं नाही. फक्त कारंजाचं पाणी. हौद भरून पाणी काठावरून सांडलं, सतरंज्यांखाली शिरलं, माणसांची धोतरं भिजली. कोणी हललं नाही. सगळे आपापल्या रिकाम्या तळव्याकडं बघत होते.

एक माणूस सोडून.

महालिंगप्पा पहिल्या रांगेत होते. त्यांच्या डाव्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी होती. ते तिच्यापासून उजवीकडं कलले होते, गर्दीत कोणी फार खेटून बसलं की माणूस कलतं तसे. मान वळवलेली. त्या मोकळ्या जागेकडं बघत ते काहीतरी बोलत होते. थांबायचे, ऐकायचे, परत बोलायचे. फेट्याखालून घाम वाहत होता.

मग साहेब उठले. "—अमन की हवा चलेगी," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. लोक उठले, भिजलेली धोतरं पिळत कारंजेवाल्याला शिव्या देऊ लागले. हार घातले गेले. कोणाला काहीच आठवत नव्हतं.

महालिंगप्पा हार घालून न घेता भिंतीपाशी आले.

"शिवप्पा."

मी भिंतीपासून एक पाऊल मागं सरलो.

"लई इचारत हुती रे. माजी जागा कुटं हाय, कुनी घेतली, म्हणून."

"कोण?"

त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची हिंमत नव्हती.

"मग तुमी काय सांगितलं?"

"म्या म्हणलं..." त्यांनी भिंतीला धरलं. "म्या म्हणलं, तुला घर हाय की. घरला जा."

मी त्यांना मारलं असतं. भिंत मधे होती म्हणून वाचले. जागा त्यांची नव्हती तरी त्यांनीच देऊन टाकली, आणि मेलेल्या बाईला कुठं बसायचं ते सांगणारेही तेच. मी एवढंच म्हणालो, "तुमचं नाव बसलं का नीट, दगडात?" आणि निघालो.

घराला मी दुपारी कुलूप लावलं होतं. शिवगंगा गेल्यापासून सारवणंही मीच करतो, त्या दिवशीही निघताना सारवून गेलो होतो. कुलूप तसंच होतं. उघडून दारातूनच पाहिलं. ओल्या जमिनीवर यायची किंवा जायची पावलं नव्हती. मधोमध एक ठसा होता. मांडी घालून बसल्याचा. दाराकडं तोंड करून.

मी जोडे बाहेर काढले, आत आलो आणि कडी लावली.

बागेत आता पाटी आहे, मराठीत आणि उर्दूत, की गवतावर बसू नये. महालिंगप्पा दुकान पोरांवर सोपवून लोहाऱ्याला मुलीकडं राहायला गेले. मला त्यांचं काही विचारायचं नाही.

मी अजून आठवड्याला घर सारवतो. तेवढी जागा सोडून सारवतो, हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीही सारवलेली असते. शेणावर बारीक बोटांचे गोल वळसे उठलेले असतात. माझी बोटं जाड आहेत.