दुसऱ्याची मंजुरी

ये, अशी दिव्याजवळ बस. चहा गार झाला तरी चालेल, पण मध्ये बोलू नकोस.

तुझी आई म्हणते, मावशी स्वतःची टिमकी वाजवते. वाजवतेच! का नको वाजवू? लहान मुलांच्या वॉर्डात सलाईनमधून औषध किती जावं हे ठरवणारा प्रोग्रॅम आमच्या ऑफिसात लिहिला जातो, आणि त्यावर राखण बसवली ती मी. कुठल्याशा दूरच्या भाड्याच्या सर्व्हरवर एकटीने सगळी व्यवस्था उभी केली. कोणीही कोड लिहिला की मशीन आपोआप त्याच्या टेस्ट चालवणार. त्या पास झाल्या, तरी दुसऱ्या माणसाने वाचून मंजुरी दिल्याशिवाय एक ओळ पुढे सरकणार नाही. मग लिहिणारा साक्षात मालक का असेना.

हा नियम मास्तरांचा. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यात जुने प्रोग्रॅमर, माझे गुरू. कोड कागदावर छापून घ्यायचे, गालात लवंग धरायचे आणि ओळ न् ओळ लाल पेनाने तपासायचे. माझ्यावर त्यांचा भारी जीव, पण तोंडातून शाब्बास म्हणून कधी निघालं नाही. एकदा लाज सोडून मागितलीच शाबासकी, तर म्हणाले, "काम संपलं की देईन." आणि माझी व्यवस्था उभी राहायच्या आधीच देवाघरी गेले. ते फार लागलं मला. अजून लागतं.

तर सुट्टीचा दिवस, भर दुपार. ऑफिसात मी एकटी. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचे डॉक्टर पाहायला येणार, म्हणून औषध मोजणारी फाइल टाकून सगळं एकदा चालवून बघत होते. टेस्ट पटापट पास झाल्या. आता मंजुरीला दुसरं माणूस कुठून आणू? मग या धंद्यात सगळे करतात तेच केलं. एक खोटं खातं उघडलं, नाव दिलं 'दुसरा'. पासवर्ड द्यायच्या आधी घसा कोरडा पडला म्हणून पाणी प्यायला उठले.

आमच्याकडे माणूस हललं तरच डोक्यावरचा दिवा लागतो. पडदे ओढलेले, त्यामुळे हॉलभर अंधार. एसीची घरघर तेवढी चालू... ग्लास घेऊन वळले, तर कोपऱ्यात मास्तरांच्या टेबलाच्या वरचा दिवा लागलेला. आणि लवंगेचा वास.

"कोण... कोण आहे?"

खुर्ची कुरकुरली.

घाबरले का? अगं, ग्लास तिथेच टाकला. कशीबशी जागेवर आले, तर स्क्रीनवर लाल पट्टी. मंजुरी नाकारलेली, 'दुसरा' या खात्यावरून. खाली शेरा होता, 'मुलाचं वजन भरायचं राहिलं तर?'

ती ओळ उघडली आणि मला दरदरून घाम फुटला. वजन रिकामं राहिलं, तर माझा कोड आधीच्या मुलाचं वजन धरून औषध मोजत होता. टेस्टही मीच लिहिलेल्या. मला जे सुचलंच नाही ते त्यांत कुठून असणार? लगेच दुरुस्त करून परत टाकलं. या वेळी हिरवी पट्टी आली. ज्या खात्याला अजून पासवर्डच नव्हता, त्याने मंजुरी दिली होती.

त्याच फाइलवर आणखी दोन शेरे होते. फाइल तेव्हा तीनशे ओळींचीही नव्हती आणि पहिला शेरा होता पाचशेव्या ओळीवर, 'बटण दोनदा दाबलं तर?' दुसरा हजाराव्या ओळीवर. नसलेल्या ओळींवर शेरे! सर्व्हरचा काहीतरी घोळ असेल म्हणून मी खातं बंद केलं आणि तोंडही.

पुढे कितीतरी वर्षांनी फाइल वाढत वाढत पाचशेव्या ओळीवर आली, तेव्हा मला तो शेरा आठवला. ती ओळ होती औषध सुरू करायच्या बटणाची. घाईत नर्सने दोनदा दाबलं असतं, तर दुप्पट औषध गेलं असतं. कोड हॉस्पिटलात जाण्याआधी दुरुस्त केलं. आजवर आमच्यामुळे एकाही लेकराला चुकीचा थेंब गेलेला नाही, हे मी छाती फुगवून कुणालाही सांगेन.

हजाराव्या ओळीवरचा शेरा असा होता, 'इथून पुढे भाचीने लिहावं.' तेव्हा तू शाळेत होतीस. दिवसभर चित्रं काढायचीस, गणित म्हटलं की भोकाड पसरायचीस. तू या धंद्यात येशील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. गेल्या महिन्यात तू आमच्या ऑफिसात रुजू झालीस, सगळ्यांनी पेढा भरवून तोंड गोड केलं माझं, आणि मी मात्र फाइलच्या ओळी मोजत बसले.

आज दुपारी मी नऊशे नव्व्याण्णवावी ओळ लिहून मंजुरीला टाकली. मंजुरी आली. मी बंद केलेल्या त्या 'दुसरा' खात्यावरून आली. खाली एकच शब्द होता, 'शाब्बास.'

जन्मभर ज्या शब्दासाठी झुरले तो वाचला, पोरी, आणि ऊर भरून आला. खोटं कशाला बोलू? पण काम संपलं की देईन, म्हणाले होते ना ते? हात गार पडले ते पडलेच. चहाचा कप धरूनही ऊब येत नाहीये.

घे हा लॅपटॉप, हजारावी ओळ तू लिही. आणि लिहिताना एका हाताने माझा हात धरून ठेव.