गाडीचं तोंड घराकडे

"पुढची सीट रिकामी, आणि माझे गुडघे इथे हनुवटीला टेकलेत," प्रमिलाअक्का माझ्या कानाशी पुटपुटली.

पुटपुटलीच. मोठ्याने बोलली असती, तर पुढे जाऊन बस म्हटलं असतं कुणी. आणि पुढे बसायला ना ती तयार होती, ना मी.

ती कहकशाची जागा.

हे घडलेलं आहे. मी पिंप्राळ्यात ब्लाउज शिवते. पाव इंच इकडे-तिकडे झालं तर बायका मला सोडत नाहीत, म्हणून वाढवून सांगायची सवयच नाही. ज्यांना भुतासाठी रात्रच लागते, त्यांनी पुढे वाचू नये. हे भर दुपारी झालं. डिसेंबर २०२४, दुसरा रविवार. धुळ्याजवळ, लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी.

आम्ही चौघी मैत्रिणी. दर हिवाळ्यात एकदा ज्योतीच्या गाडीने फिरायला जायचं, एखादं ठिकाण बघायचं आणि उघड्यावर वांगी भाजून भरीत करायचं. पाटणादेवी झाली, पद्मालय झालं. ज्योती गाडी चालवायची. बालवाडीतून निवृत्त झालेली अक्का हुकूम सोडायची. मी पिशव्या उचलायची.

मेहरूणची कहकशा पुढे बसून वाट दाखवायची. तिचे अब्बा ट्रकवर होते. त्यांचा एक नियम तिने आम्हालाही लावला होता. कुठेही पोहोचलं की आधी गाडी वळवायची, तोंड घराकडे करून लावायची, मगच जेवायला बसायचं.

मागच्या वर्षी इथेच, लळिंगला, तिची तब्येत बिघडली.

नेमकी त्या दिवशी गाडी वळवायची राहिली होती. अरुंद कच्ची वाट, मागे सहलीचा टेम्पो. गाडी वळवायला ज्योतीला सात-आठ मिनिटं लागली.

धुळं येईपर्यंत कहकशा गेली होती.

बाईच्या हाती गाडी होती म्हणून उशीर झाला, असं लोक बोलले. ज्योतीच्या तोंडावर कोणी बोललं नाही, पण तिच्यापर्यंत पोहोचलं. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. वर्षभर गाडी कव्हराखाली. या महिन्यात गिऱ्हाईकही ठरलं. तुझा काही दोष नाही, असं मी आणि अक्का तिला दर भेटीत सांगायचो. ती मान हलवायची. विश्वास ठेवायची नाही.

शेवटी अक्का म्हणाली, विकायची तर विक, पण आधी एकदा तिथे गाडी चालवत ने आणि चालवत परत आण. नाहीतर तू जन्मात कधी चालवणार नाहीस.

घरोघरी नाही म्हणून झालं. मैत्रीण गेली त्याच जागी कोणी सहलीला जातं का, असं आमचे हे म्हणाले. म्हटलं, जातात. डबा ओट्यावर ठेवलाय.

नशिराबादच्या एका शेतातली वांगी अक्काने आदल्या दिवशीच आणली होती. एरंडोल गेलं, पारोळा गेला. ज्योतीची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती, पण ती चालवत होती. साडेअकराला पोहोचलो. वाट तीच. ज्योतीने गाडी सरळ आत घातली, किल्ल्याकडे तोंड करून लावली आणि चावी कमरेच्या बटव्यात टाकली.

वळव, असं कोणीच म्हटलं नाही.

म्हटलं असतं, तर पुढचं सगळं बोलावं लागलं असतं.

अक्काने उतरल्या उतरल्या गाडीचा फोटो काढून मुलाला पाठवला. सुखरूप पोहोचलो म्हणून.

शंभर पावलांवर, झुडपांच्या पलीकडे, आम्ही कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवल्या. वांगी मांडली. सालं तडतडायला लागली. ज्योती पहिल्यांदा जरा हसली.

आणि मग...

खर्र... खर्र...

खडीवर चाकं फिरल्यासारखा आवाज.

दुसरी गाडी आली असेल, अक्का म्हणाली.

पुन्हा. जरा पुढे... थांबून जरा मागे... पुन्हा पुढे. अरुंद जागेत कोणीतरी सावकाश गाडी वळवत होतं.

पण इंजिनाचा आवाज नव्हता.

झाडावर होले घुमत होते, तेही थांबले. वाऱ्याने काड्यांचा धूर हलायचा, तोही सरळ वर जायला लागला.

मग हॉर्न. दोनदा, तुटक... पीप, पीप.

कहकशा अशीच बोलवायची. खिडकीतून हात घालून, दोनदा.

ज्योतीने बटवा चाचपला. चावी होती. आम्ही तिघी एकमेकींचे हात धरून झुडपांबाहेर आलो.

गाडीचं तोंड घराकडे होतं.

धुळीत चाकांचे ठसे फक्त आत येतानाचे. वळल्याची एक रेघ नाही. कडेचं गवतही दबलेलं नाही. पुढची डावी काच मात्र चार बोटं खाली होती... तिला वारा लागायचा तेवढीच.

बांधावर झुलालआबा नावाचे एक म्हातारे शेळ्या चारत होते. आमची गाडी कोणी फिरवली, मी विचारलं. त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्हालाच ऊन लागलंय.

"तुम्ही उनात तव्हयपासून गाडी अशीच उभी शे, माय." म्हणजे आम्ही आलो तेव्हापासून अशीच.

प्रमिलाअक्काने फोन काढला. फोटोत गाडीचं तोंड किल्ल्याकडे. तो फोटो आता माझ्याकडेही आहे. मी उघडत नाही.

ज्योती मटकन धुळीत बसली. चावी माझ्या हातात दिली.

"मी नाही चालवणार. एसटीने जाऊ. ती मला दाखवतेय, सुगंधाताई... अशी लावली असतीस तर मी वाचले असते."

मला पळावंसं वाटत होतं. खोटं कशाला सांगू. पण अक्का पदर खोचून गाडीसमोर जाऊन उभी राहिली.

"पळणार कुणापासून? आपलीच आहे ती. वांगी जळतील, ती आधी काढा. जेवल्याशिवाय मी इथून हलत नाही."

तेवढ्यात... आमच्या डोळ्यांसमोर... रिकाम्या गाडीतून...

पीप, पीप.

अक्का दचकली. मग त्या काचेकडे बोट करून म्हणाली, "ऐकू येतंय गं बाई. थांब जरा."

आणि तिने वळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं. हॉर्न ज्योतीसाठी नव्हता.

अक्काने ओठ उघडले, पण तिला जमेना. तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेली बाई.

मग मीच ज्योतीसमोर धुळीत बसले. चावी तिच्या मुठीत ठेवली आणि मूठ सोडली नाही.

"तू पाणी आणायला पायी गावात गेली होतीस, तेव्हा ती आम्हाला म्हणाली. छातीवर कोणी बसल्यासारखं होतंय, आत्ताच घरी चला. मी म्हटलं पित्त असेल, सोडा पी. अक्का म्हणाली, वर जाऊन एक फोटो काढू, मग निघू. तासभर आम्ही तिला त्या झाडाखाली बसवून ठेवलं, आणि वर्षभर लोकांना तुला बोल लावू दिला. गाडी वळवायला उशीर नाही झाला, ज्योती. निघायला झाला. तो आम्ही केला."