ओल्या चुन्यातली पोरगी

बादली त्यानं न्हाई, मीच सांडली. तरी भांडले मीच.

"दिसत न्हाई का? चुन्यात पाय घालायलात!"

"पाय कुठं घातला… चुनाच आला पायावर," तो म्हणाला. अन् हळूच हसला. मला अजूनच राग आला.

परभणीतलं ते जुनं दगडी घर चित्रकारांनीच चालवायला घेतलंय. सविताताई स्वतः चित्रकार, सगळं त्याच बघतेत. गावोगावचे चित्रकार येतेत, महिनाभर राहतेत, आपल्या खोलीच्या भिंतीवर चित्र काढतेत. शेवटच्या दिवशी लोकांना दाखवायचं. मग भिंतीला चुना, अन् नवा माणूस. चुना मारायचं काम मामाचं. दहावी सोडल्यापासून मी पण जवळच्या पिंगळीहून मामासंगं येते. एकोणिसावं चालू हाय, तरी पाय काई एका जागी ठरत न्हाई.

ज्याच्या पायावर चुना सांडला त्याचं नाव बुद्धभूषण, ह्या महिन्याचा चित्रकार, नाशिकचा. आमचं व्हरांड्याचं काम चालू होतं, अन् हा रोज काई ना काई निमित्त काढून हजर.

"राजेश्री, चहा?"

"कामात हाय."

"मग मी पितो, तू बघ."

"का? तुमाला बघायला लोकं तिकीट काढतेत का?"

मामा गालातल्या गालात हसायचा. बुद्धभूषण गेला की माझं मात्र कशातच ध्यान लागायचं न्हाई. एकाच जागी दोनदा चुना मारून बसायचे…

शेवटच्या दिवशी, उन्हं कलताना, माडीवरची त्याची खोली उघडी दिसली. शिरले.

भिंतभर कोळशानं काढलेली मी! नाक माझं, वेणी माझी, हातातला ब्रश माझा… पण मान खाली. डोळे जमिनीत. अगदी गरीब गाय.

डोकं सणकलं. "मान खाली घाल" ऐकून ऐकून तर शाळा सोडली मी. अन् ज्याच्याशी रोज डोळ्यात डोळे घालून भांडले, त्यानं पण…? हा उद्या नाशिकला जाणार, अन् आज अख्खी परभणी मला अशी बघणार?

बादली आणली. सपासप चुना मारला.

पण ओला चुना लगेच झाकत न्हाई. त्यातून ती पोरगी दिसायलीच होती… खाली बघत. अजून एक हात मारणार, तेवढ्यात दारात तो.

"अगं… आत्ता लोक येतील!"

"येऊ द्या. ही मी न्हाई. मी कवा खाली बघितलं तुमच्यापुढं?"

"कधीच नाही."

"मग?"

त्याचे कान लाल झाले. "डोळे किती वेळा काढले अन् पुसले. तू बघायला लागलीस की… हात चालत नाही माझा. म्हणून खाली घातले. भित्रा आहे मी."

मी ब्रश बादलीत टाकला. भांडला असता तर सोपं गेलं असतं.

"हे आधी सांगायचं होतं."

"रोज चहा घेऊन तेच सांगायला यायचो."

पंखा गरगरत होता. भिंत वाळायली होती, पांढरी पडायली होती. आधी वेणी गेली, मग नाक…

"उद्याची गाडी?" मी विचारलं.

"चित्रच नाही, तर जाऊ कसा? सविताताईंना अजून एक महिना मागतो… तू म्हणालीस तर."

"मी कशाला म्हणू?"

"म्हणजे जाऊ?"

"जा म्हणले का मी?"

त्यानं माझा हात धरला… चुन्यानं माखलेला. खाली अंगणात गलका. जिन्यावर सविताताईंच्या चपला वाजायल्या. "बुद्धभूषण, लोक आले रे!"

मी हात ओढला न्हाई.

"चुना चरचरतोय ना?"

"लय," तो म्हणाला. "सोडू?"

चपला दारापर्यंत आल्या होत्या. मी सरळ त्याच्या डोळ्यात बघितलं.

"सोडून बघ!"