बासष्ट गावांचं पाणी

बुलढाणा जिल्ह्यातल्या बासष्ट गावांच्या वेबसाइट आमच्या कंपनीकडे आहेत. त्या मी सांभाळते. मजकुराचा एखादा तुकडा एकदाच लिहायचा आणि हव्या त्या पानांवर लावायचा, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. मूळ ब्लॉकमध्ये एक शब्द बदलला की सगळीकडे बदलतो. एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं, असं होऊच शकत नाही.

‘पिण्याचे पाणी’ हा ब्लॉक मी वरवट बकालच्या पलीकडच्या एका लहान गावासाठी लिहिला होता. तिथले जलसुरक्षक शालिग्रामभाऊ दर आठवड्याला विहिरीचं पाणी तपासायचे. त्यांना फोनवर विचारून मी लिहिलं, ‘पाणी तपासले. पिण्यास योग्य. शालिग्राम ढगे, जलसुरक्षक.’

फेब्रुवारीत कामाची मुदत संपत आली तेव्हा आमचे मालक शेखर सर म्हणाले, “हाच ब्लॉक बाकीच्या एकसष्ट गावांना लाव.”

“सर, तिथलं पाणी कोणी तपासलंय?”

“वाचतंय कोण, अर्पिता? लाव.”

मी लावला. त्याचा राग मला आजही आधी स्वतःवर येतो.

मार्चमध्ये शालिग्रामभाऊंच्या पत्नी अन्नपूर्णाबाई ऑफिसात आल्या. दोन बस बदलून आल्या होत्या, तरी बसल्या नाहीत. मोबाइल माझ्या टेबलावर आपटला.

“माह्या मालकाचं नाव साऱ्या गावायच्या पाण्याखाली काऊन लिहलं वो?”

“चुकलं, काकू. मी भाऊंशी बोलते.”

“कोणाशी बोलतं? दिवाळीतच गेले ते.”

मी खुर्ची पुढे केली. ती त्यांनी मागे सारली.

“गेले, पण सुट्टी नाही त्यायले. रोज सकायी दारात येऊन बसतात. गुडघ्यापर्यंत गारा-चिखल. म्या म्हणते, घरात या. तं म्हणतात, माह्यं नाव हाये तिथं, तपासल्याबिगर कसं चालंल? लय गावं बाकी हायेत.” त्या रडत नव्हत्या. त्यांनी मोबाइलवर रागाने बोट आपटलं. “जित्तेपणी एका विहिरीचं खोटं बोलला नाही तो माणूस!”

दुःखात माणूस काहीही बोलतो, असं मी मनाशी म्हटलं आणि त्यांच्यासमोरच ब्लॉक उघडला. त्यात ‘योग्य’च होतं. मग मोताळ्याकडच्या एका गावाचं पान उघडलं.

‘पाणी तपासले. पिण्यास अयोग्य.’ खाली कालची तारीख.

शेजारच्या गावाच्या पानावर परवाची तारीख होती. त्याच्या अलीकडच्या गावावर तेरवाची. दिवसाला एक गाव, पायी चालणाऱ्या माणसाच्या वाटेने. एकोणीस गावं झाली होती. त्यातली सात ‘अयोग्य’. लॉगिनच्या नोंदी पाहिल्या. माझ्याशिवाय कोणी आत आलेलं नव्हतं.

शेखर सर केबिनमधून तणतणत बाहेर आले. गावांतून त्यांना फोन सुरू झाले होते.

“कोणी केलं हे? सगळीकडे योग्य कर. आणि त्या म्हाताऱ्याचं नाव काढून टाक!”

“सर, खरं असलं तर? आधी पाणी तपासून घेऊ.”

“मी सांगतो ते कर.”

“मंग तुह्यं नाव टाक ना बे!” अन्नपूर्णाबाई कडाडल्या. “लोकं पेतात ते पाणी!”

सरांनी कीबोर्ड माझ्यापुढून ओढला. रागारागात शालिग्रामभाऊंचं नाव खोडून ‘शेखर मापारी’ लिहिलं आणि सेव्ह केलं.

बासष्ट पानांवर एकदम ‘योग्य’ आलं. तारखा गेल्या.

अन्नपूर्णाबाईंनी स्क्रीनवरचं सरांचं नाव वाचून घेतलं. मग मोबाइल उचलून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

“आज दारात कोणी नाही,” एवढंच म्हणाल्या.

अकराला शेखर सर आले. भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशासमोर उभे राहिले. आवाज अगदी खाली गेला होता.

“अर्पिता, धामणगाव बढेवरून पुढच्या गावाला पायवाट कुठून जाते?”

“गाडी न्या ना, सर.”

“गाडीने गेलेलं चालत नाही,” ते म्हणाले. “मी विचारलं शालिग्रामभाऊंना.”